गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हात बधिर होणे : रात्रीची झोप आणि मनगटाची नस कशी सांभाळावी

प्रश्न विचारणाऱ्या ताईंना ३४ वा आठवडा सुरू आहे. गेल्या काही आठवड्यांपासून मध्यरात्रीनंतर दोन्ही हातांना मुंग्या येऊन त्यांना जाग येते. उजवा हात जास्त बधिर असतो, हात झटकल्यावर थोडे बरे वाटते, आणि सकाळी बोटे इतकी ताठलेली असतात की कपड्यांची बटणे लावता येत नाहीत. तपासणीच्या वेळी त्यांनी ही तक्रार सांगितली तेव्हा ‘बाळंतपणानंतर आपोआप जाईल’ एवढेच उत्तर मिळाले. याचा बाळाला काही धोका आहे का, तोपर्यंत काय करावे आणि हे नंतर खरोखर जाते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मनगटातील नस दबल्यामुळे येणाऱ्या या बधिरतेचा बाळाला कोणताही धोका नसतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हात व मनगटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या गरोदर स्त्रियांना बरीच वर्षे पाहत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की ‘बाळंतपणानंतर जाईल’ हे बहुतेकींच्या बाबतीत खरे ठरते. पण अजून सहा आठवडे रोज रात्री तीनदा उठायचे असेल, तर तेवढ्या उत्तराने भागत नाही. ज्या काळात शरीराला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच काळात ही तक्रार झोप हिरावून घेते. शिवाय थोड्या स्त्रियांमध्ये नसेवरचा दाब इतका वाढतो की हाताची ताकद कमी होऊ लागते, आणि तिथे नुसती वाट पाहणे योग्य नसते. म्हणून आज रात्रीपासून काय करता येईल आणि कोणत्या टप्प्यावर थांबू नये, हे दोन्ही सविस्तर लिहिते.

या तक्रारीला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटाच्या तळव्याकडील बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्याची तळाची बाजू आणि कडा मनगटाच्या लहान हाडांच्या असतात, तर वरून एक जाड, न ताणणारा पट्टा गेलेला असतो. बोटे आणि अंगठा मिटवणारे नऊ स्नायूरज्जू (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि त्यांच्यासोबत मीडियन नावाची एक नस, एवढे सगळे या जागेतून जाते. गरोदरपणात शरीरातील एकूण पाणी साधारण ६ ते ८ लिटरने वाढते आणि शेवटच्या तिमाहीत त्याचा परिणाम पायांवर, चेहऱ्यावर आणि हातांवर दिसू लागतो. स्नायूरज्जूंभोवतीचे अस्तरही थोडे सुजते. बोगद्याच्या भिंती मात्र जागच्या हलत नाहीत, त्यामुळे वाढलेला सगळा दाब त्यातल्या त्यात मऊ असलेल्या नसेवर येतो. दाबामुळे नसेचा रक्तपुरवठा मंदावतो आणि मुंग्या, झिणझिण्या, बधिरता, कधी कोपरापर्यंत किंवा खांद्यापर्यंत चढणारी ठणक सुरू होते. गर्भावस्थेतील मधुमेह, जास्त वाढलेले वजन, वाढलेला रक्तदाब किंवा थायरॉईडची कमतरता असलेल्या स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. परंतु यांपैकी काहीही नसतानाही तो होऊ शकतो.

रात्रीच त्रास का होतो, हे नीट समजून घेतले की उपचार अर्धा समजतो. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर शरीरात पुन्हा पसरते आणि हातांकडेही येते. त्यातच झोपेत आपण नकळत मनगट आतल्या बाजूला दुमडतो, मूठ छातीजवळ घेतो किंवा हात गालाखाली ठेवतो. मनगट सरळ असताना बोगद्यातील दाब सर्वांत कमी असतो, आणि ते पूर्ण आत वळवले किंवा पूर्ण मागे वाकवले की तो कित्येक पटींनी वाढतो. जागेपणी मुंग्या आल्या की आपण लगेच हात हलवतो. झोपेत मात्र मनगट तासन्‌तास दुमडलेलेच राहू शकते.

आता तुमची तक्रार हीच आहे का, हे पडताळण्यासाठी पुढच्या वेळी मुंग्या आल्या की दिवा लावून प्रत्येक बोटाच्या टोकाला दुसऱ्या हाताने हलकेच स्पर्श करून पाहा. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर असेल, पण करंगळीला स्पर्श नेहमीसारखा कळत असेल, तर मीडियन नस दबत असल्याची शक्यता बरीच असते. अनामिकेच्या एका बाजूला स्पर्श कळतो आणि दुसऱ्या बाजूला कळत नाही, हे पाहून अनेकींना आश्चर्य वाटते. प्रत्यक्षात ही निदानाची उत्तम खूण आहे, कारण त्या बोटाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या नसांकडून संवेदना मिळते. अनेकजणी ‘पूर्ण हातच बधिर होतो’ असे सांगतात आणि एकेक बोट तपासायला लावले की करंगळी सुटलेली आढळते. हात झटकल्यावर बरे वाटणे हीदेखील या आजाराची ओळखीची खूण आहे. आम्ही तपासताना दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटे सुमारे ६० सेकंद दुमडून ठेवायला सांगतो. तेवढ्यात त्याच बोटांत मुंग्या आल्या तर शंका बळावते. गरोदरपणात निदानासाठी बहुधा एवढे पुरते. नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी नर्व्ह कंडक्शन तपासणी चित्र अस्पष्ट असेल किंवा हाताची ताकद कमी झाली असेल तेव्हाच करावी लागते.

बधिरता फक्त करंगळीच्या बाजूला असेल तर कोपराजवळची नस दबत असू शकते. मान फिरवल्यावर कळ हातात उतरत असेल तर मान तपासावी लागते. हातांबरोबर दोन्ही पावलेही बधिर होत असतील तर बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मधुमेह यांचा विचार करावा लागतो. बधिरता अजिबात नसून अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर फक्त दुखत असेल, तर तो अंगठ्याच्या स्नायूरज्जूंचा वेगळा आजार आहे आणि त्याची काळजीही वेगळी असते.

उपचारात सर्वांत महत्त्वाचा भाग रात्रीच्या स्प्लिंटचा आहे, आणि नेमका तोच सर्वांत हलगर्जीपणाने केला जातो. स्प्लिंट म्हणजे मनगट सरळ ठेवणारा, आत धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असलेला पट्टा. नुसता ताणला जाणारा इलॅस्टिकचा पट्टा या कामाचा नसतो, कारण तो मनगटाला वाकण्यापासून रोखत नाही आणि उलट सूज असलेल्या मनगटाला आवळतो. तयार मिळणाऱ्या अनेक स्प्लिंटमधील धातूची पट्टी मनगट मागच्या बाजूला २० ते ३० अंश वाकलेले राहील अशी घडवलेली असते. हाड किंवा सांधा दुखावल्यावर ती स्थिती सोयीची असते. नस दबलेली असताना मात्र ती दाब कमी करत नाही. म्हणून स्प्लिंट आणल्यावर तळहाताकडच्या खिशातून ती पट्टी बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सपाट करा आणि परत बसवा. स्प्लिंट घातल्यावर बाजूने पाहिले असता हाताची पाठ आणि पुढचा हात एका रेषेत दिसले पाहिजेत. तळहाताकडची कड बोटांच्या मुळाशी असलेल्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपली पाहिजे, म्हणजे मूठ पूर्ण मिटता येते आणि अंगठा मोकळा राहतो. वेल्क्रोचे पट्टे असे लावावेत की खालून एक बोट सहज सरकेल. सकाळी कातडीवर खोल वळ दिसत असतील किंवा बोटे आधीपेक्षा जास्त सुजलेली असतील, तर पट्टे घट्ट बसत आहेत असे समजावे. शेवटच्या तिमाहीत हाताची जाडी आठवड्यागणिक बदलू शकते, त्यामुळे गेल्या महिन्यात योग्य बसलेला पट्टा या महिन्यात आवळू शकतो. दर काही दिवसांनी तो नव्याने जुळवून घ्यावा.

दोन्ही हातांना त्रास असेल तर दोन्ही हातांना स्प्लिंट लागतो. रात्री लघवीला उठताना, कूस बदलताना दोन्ही हात बांधल्यासारखे वाटतात, हे खरे आहे. सुरुवातीला ज्या हाताला जास्त त्रास आहे त्याला एकट्याला लावावा आणि दोन-तीन रात्रींनी दुसऱ्यालाही लावावा, असे मी सुचवते. पहिल्याच रात्री फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. अनेकींना आठवड्याभरात जाग येण्याचे प्रमाण कमी झालेले जाणवते, काहींना अधिक वेळ लागतो. बरे वाटू लागले म्हणून स्प्लिंट लगेच सोडून देऊ नये. प्रसूतीपर्यंत आणि त्यानंतरचे काही आठवडे तो रात्री वापरत राहावा. दिवसभर मात्र तो घालून बसू नये, कारण हाताची हालचाल थांबली की सूज साचून राहते आणि बोटे अधिक आखडतात.

झोपण्याची पद्धतही थोडी बदलावी लागते. शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपायला सांगितले जाते आणि त्या स्थितीत खालचा हात हमखास अंगाखाली किंवा डोक्याखाली सापडतो. खालचा खांदा थोडा पुढे ओढून घ्यावा, म्हणजे शरीराचा भार दंडावर न येता पाठीच्या बाजूला जातो. छातीपुढे एक जाडसर उशी ठेवून वरचा हात कोपरापासून बोटांपर्यंत तिच्यावर पसरून ठेवावा. उशीला कवटाळून मनगट तिच्या कडेवरून खाली लोंबकळू देऊ नये. कवटाळायची सवय असलेल्यांच्या बाबतीत हे फार वेळा घडते. कोपरही पूर्ण दुमडलेले नसावे. जाग आलीच तर हात झटकण्याबरोबर तो मिनिटभर डोक्याच्या पातळीला उंच धरून बोटे सावकाश उघड-मिट करावीत, मग पुन्हा झोपावे.

दिवसा कोणती कामे टाळावीत यापेक्षा मनगट कोणत्या स्थितीत किती वेळ राहते, याकडे लक्ष द्यावे. मोबाईल एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने बराच वेळ स्क्रीन सरकवत राहणे हे सध्या दिसणारे सर्वांत सामान्य कारण आहे. फोन टेबलावर किंवा उशीवर टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटाने वापरला तरी पुष्कळ फरक पडतो. संगणकावर टाइप करताना मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ठेवू नये आणि कीबोर्ड इतक्या उंचीवर असावा की मनगट मागे वाकणार नाही. कपडे पिळणे, चिरणे, झाकणे उघडणे अशी जोर लावून पकडायची कामे थोडी-थोडी वाटून करावीत किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवावीत. वाहन चालवताना हात बधिर होत असतील तर ते चालवणे थांबवावे, कारण ब्रेक किंवा स्टिअरिंगवरची पकड नेमकी किती आहे याचा अंदाज त्या वेळी चुकतो. गरम भांडे उचलतानाही हीच काळजी घ्यावी. अंगठी, घड्याळ आणि हातातले घट्ट दागिने आताच काढून ठेवा. बोट सुजून अंगठी अडकली की ती कापून काढावी लागते, आणि असे प्रसंग नवव्या महिन्यात दुर्मीळ नाहीत.

गरोदरपणातील व्यायाम किंवा योगासने करत असाल तर हातांवर भार देण्याच्या स्थितींकडे विशेष लक्ष द्या. हात आणि गुडघ्यांवर ओणवे राहण्याची स्थिती कंबरेला आराम देते, पण तळहात जमिनीवर टेकवले की मनगट ९० अंशांत मागे वाकते आणि त्यावर अंगाचा भार येतो. हीच स्थिती मुठी टेकवून किंवा कोपरापासून पुढचे हात खुर्चीवर, उशीवर टेकवून घेता येते. प्रसूतीच्या कळांमध्येही ही स्थिती घेण्याचा विचार असेल तर आधीपासून याच पद्धतीने सराव करून ठेवावा.

हाताचे व्यायाम साधे आहेत. बोटे सरळ ठेवावीत, मग फक्त वरची दोन पेरे दुमडून आकड्यासारखा आकार करावा, पुन्हा सरळ करून पूर्ण मूठ मिटावी आणि पुन्हा सरळ करावी. असे पाच-सहा वेळा, दिवसातून तीन वेळा. यामुळे स्नायूरज्जू बोगद्यात मोकळे सरकतात आणि सूज पांगायला मदत होते. मुंग्या वाढत असतील तर व्यायाम कमी करावा किंवा थांबवावा. ‘सहन करून करत राहा’ हा नियम नसेला लागू होत नाही. स्पंजचा चेंडू दाबत राहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याच्या मी विरोधात आहे. हात बधिर होतो म्हणजे तो अशक्त आहे, या समजुतीतून तो सल्ला येतो. पण जोर लावून वारंवार मूठ आवळल्याने बोगद्यातील दाब वाढतो आणि त्या रात्री त्रास जास्त होतो. संध्याकाळी १५-२० मिनिटे दोन्ही हात उशांवर हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवून बसावे, आणि बोटांकडून कोपराकडे अगदी हलक्या हाताने चोळून घ्यावे. मनगटावर दाब देऊन मालीश करू नये. कापडात गुंडाळलेला थंड शेक दहा मिनिटे दिल्यास ठणक कमी होते. गरम शेक बधिर हाताला देऊ नये. कातडी भाजली तरी वेळेवर कळत नाही.

औषधांच्या बाबतीत सावध राहा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या २० आठवड्यांनंतर स्वतःहून घेऊ नयेत. त्यांमुळे गर्भजल कमी होण्याचा धोका असतो, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी जन्माआधीच आकसण्याचीही भीती असते. हीच औषधे असलेली मलमेसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. तुमच्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या कारणासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली असेल तर ती वेगळी बाब आहे. ती हे वाचून बंद करू नका. ठणक असह्य असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घेता येते, परंतु बधिरतेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. बी६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या नसांसाठी चांगल्या म्हणून अनेकजणी घेतात. ते जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच नसांना इजा होऊ शकते. सूज उतरावी म्हणून पाणी कमी पिणे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणे, हे तर या काळात अजिबात करू नये.

स्प्लिंट नीट वापरूनही झोप लागत नसेल, तर तज्ज्ञ डॉक्टर मनगटात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन देऊ शकतात. ते त्या जागेपुरतेच दिले जाते, गरोदरपणातही देता येते, आणि अनेकींना त्याने काही दिवसांतच आराम पडतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. शस्त्रक्रियेची वेळ गरोदरपणात क्वचितच येते. आली तरी ती फक्त हात बधिर करून केली जाते, त्यामुळे तिच्या भीतीने वाढता त्रास लपवून ठेवू नये.

तुमच्या बाबतीत वाट पाहावी की नाही, हे अंगठ्याच्या ताकदीवरून ठरवा. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, अंगठा छताच्या दिशेने सरळ उभा करा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तो खाली दाबायचा प्रयत्न करा. तो सहज खाली जात असेल किंवा दोन्ही हातांत स्पष्ट फरक असेल, तर ते नोंदवा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा एका हातात सपाट दिसू लागणे, चिमटीत धरलेल्या वस्तू वारंवार निसटणे, किंवा मुंग्या येऊन-जाऊन न राहता बोटे दिवसभर सतत बधिर असणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. सकाळची ताठरता अर्ध्या-एक तासात सुटत असेल आणि दिवसा बटणे लावता येत असतील, तर स्प्लिंटवर काही आठवडे काढायला हरकत नाही.

काही लक्षणे मात्र मनगटाची नसतात आणि त्यांत तासाचाही उशीर करू नये. हात आणि चेहरा एकाएकी सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणारे ठिपके, बरगड्यांखाली पोटात दुखणे, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे, ही प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर आजाराची) लक्षणे असू शकतात. अशा वेळी थेट रुग्णालयात जावे. त्याचप्रमाणे शरीराची एकच बाजू अचानक बधिर किंवा लुळी पडली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो आपत्कालीन प्रसंग समजावा.

प्रसूतीसाठी दाखल होताना ही तक्रार तिथल्या परिचारिकांना आवर्जून सांगा आणि शिरेतून द्यायच्या औषधांची सुई शक्य असेल तर मनगटाजवळ न लावता पुढच्या हातावर लावण्याची विनंती करा. प्रसूतीच्या वेळी शिरेतून पाणी चढवले गेले असेल तर त्यानंतरचे काही दिवस सूज आणि मुंग्या थोड्या वाढू शकतात. त्याने घाबरून जाऊ नये.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी. शरीरातील जादा पाणी प्रसूतीनंतरच्या दिवसांत उतरत जाते आणि बहुतेकींची बधिरता काही आठवड्यांत कमी होते. काहींना ती स्तनपानाच्या महिन्यांत कमी-अधिक प्रमाणात टिकून राहते, आणि ज्यांना गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच त्रास सुरू झाला होता त्यांच्यात ती रेंगाळण्याची शक्यता जास्त असते. तुम्हाला तो शेवटच्या तिमाहीत सुरू झाला, ही चांगली बाजू आहे. या काळात बाळाला पाजताना त्याचे डोके मनगट दुमडून तळहातात तोलून धरू नका. बाळाला उशीवर घेऊन त्याचा भार पुढच्या हातावर येऊ द्या, किंवा कुशीवर आडवे होऊन पाजा. बाळाला उचलताना काखेत अंगठे ताणून उचलण्याऐवजी एक हात पाठीखाली आणि एक बुडाखाली सरकवून उचला, म्हणजे नसेबरोबर अंगठ्याचे स्नायूरज्जूही वाचतात. आंघोळीच्या पाण्याची उष्णता बोटांनी न पाहता कोपराने पाहा. प्रसूतीनंतर तीन महिन्यांनीही रात्रीची जाग तशीच असेल, किंवा त्याआधी अंगठ्याची ताकद कमी वाटली, तर नर्व्ह कंडक्शन तपासणी करून घ्या आणि पुढील उपचार हाताच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांना विचारून ठरवा.